सदतिशीतले तारे आणि मुंबई सिटी: नावाला पैसे मोजून विजेतेपद मिळतं का?

इंडियन सुपर लीग २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाली तेव्हा आठही संघांना एक गोष्ट करावीच लागली: एक ‘मार्की’ खेळाडू आणायचा. जगभर नाव असलेला आणि पोस्टरवर एकटा छापला तरी लोक वळून बघतील असा माणूस. कोलकात्याने लुईस गार्सिया आणला, दिल्लीने आलेस्सांद्रो देल पिएरो, पुण्याने डेव्हिड त्रेझेगे आणि गोव्याने रॉबेर पिरेस. यादी झकास होती, पण त्यात ऐन भरातला कुणी नव्हता आणि असणं शक्यही नव्हतं. ऑक्टोबर ते डिसेंबर म्हणजे युरोपातल्या हंगामाचे ऐन दिवस. त्या काळात मोकळा कोण असतो? ज्याचा करार संपलाय आणि नवा कुणी देत नाही तो, किंवा जो आधीच निवृत्त झालाय तो. पिरेस तर हंगाम चालू असतानाच ४१ वर्षांचा झाला.

उतारवयातला तारा घेणं संघाला परवडतं का, हा प्रश्न फुटबॉलमध्ये जुना आहे आणि दोन्ही बाजूंनी हवी तितकी उदाहरणं फेकता येतात. म्हणून मी एकच क्लब घेतोय, मुंबई सिटी एफसी. २०१४ ते २०२२ या काळात या एका क्लबने वयस्क परदेशी खेळाडू घेण्याच्या जवळजवळ सगळ्या तऱ्हा करून पाहिल्या. नुसतं नाव घेतलं, नावाच्या हाती संघाची सूत्रं दिली, अजून खेळू शकणारं नाव घेतलं आणि शेवटी नावाकडे न बघता मागच्या हंगामातले गोल बघून माणूस घेतला. प्रत्येक वेळचा निकाल गुणतक्त्यात नोंदलेला आहे.

दोन हंगाम, सोळा-सोळा गुण

पहिल्या हंगामात रणबीर कपूर आणि बिमल पारेख यांच्या मालकीच्या या संघाने एकावर न थांबता दोन तारे घेतले. फ्रेडरिक ल्युंगबर्ग ३७ वर्षांचा होता. आर्सेनलने अख्खा हंगाम न हरता प्रीमियर लीग जिंकली त्या संघातला हा माणूस, पण २०१२ मध्येच निवृत्त झालेला. सोबत फ्रान्सचा ३५ वर्षांचा स्ट्रायकर निकोला अनेल्का. प्रशिक्षक इंग्लंडचा जुना मिडफिल्डर पीटर रीड. कागदावर बघितलं तर नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर प्रीमियर लीगची जुनी रात्र परत येणार होती.

प्रत्यक्षात १२ ऑक्टोबरला कोलकात्याच्या सॉल्ट लेकवर स्पर्धेचा पहिलाच सामना मुंबई ०-३ हरली. अनेल्का त्या दिवशी मैदानात उतरूच शकला नाही, कारण इंग्लंडमधल्या एका वादग्रस्त हातवाऱ्याबद्दल झालेली बंदी त्याच्या पाठोपाठ भारतात आली होती. १४ सामन्यांच्या साखळीतले पहिले तीन सामने त्याचे तिथेच हुकले. ल्युंगबर्गला दुखापतींनी गाठलं. तो एकूण चार सामने खेळला आणि त्याच्या नावावर गोल शून्य. अनेल्काने दोन केले. संघ सातवा आला, १६ गुण. १४ सामन्यांत १२ गोल झाले, त्यातले पाच एकट्या पुण्याविरुद्ध. त्या सामन्यात लीगमधली पहिली हॅटट्रिक नोंदली गेली, पण ती दोघा ताऱ्यांपैकी कुणाची नव्हती. क्रिस्टल पॅलेस आणि बोल्टनकडून खेळून आलेल्या आंद्रे मोरित्झ या ब्राझिलियन मिडफिल्डरची होती. पुण्याचा सामना वगळला तर उरलेल्या १३ सामन्यांत मुंबईने फक्त सात गोल केले.

इथे या लीगची रचना समजून घ्यायला हवी, कारण वयाचा हिशेब तिथेच बिघडतो. पहिला हंगाम १२ ऑक्टोबर ते २० डिसेंबर असा जेमतेम दहा आठवड्यांचा होता आणि सामने तीन-चार दिवसांच्या अंतराने. गुवाहाटीहून कोची, कोचीहून मुंबई असा प्रवास आणि किनारपट्टीवरची ऑक्टोबरची दमट हवा. पंचविशीतला खेळाडू पोटरी धरून बसला तरी दोन आठवड्यांत परत येतो. सदतिशीतल्या माणसाला महिना लागतो, आणि इथे महिना म्हणजे जवळजवळ अर्धा हंगाम. लंगडत सुरुवात करून फेब्रुवारीत फॉर्मात येण्याची जी सवलत युरोपातल्या नऊ महिन्यांच्या लीगमध्ये असते, ती इथे नव्हतीच. शिवाय मैदानावर एका वेळी सहा परदेशी खेळू शकत. त्यातली एक जागा पोस्टरवरच्या माणसाला दिली की खरं काम पाच जणांवर येतं.

दुसऱ्या वर्षी मुंबईने अनेल्कालाच खेळाडू-प्रशिक्षक केलं. मला हा निर्णय आजही कळत नाही. वरच्या पातळीवर खेळणं आणि संघ बांधणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि इथे दोन्ही एकाच माणसावर टाकली होती. त्याच वर्षी लिलावात सुनील छेत्रीला १ कोटी २० लाखांना घेतलं, ती मात्र या क्लबची तोवरची सगळ्यात शहाणी खरेदी. छेत्रीने सात गोल केले, गुवाहाटीच्या नॉर्थईस्ट युनायटेडविरुद्धच्या ५-१ विजयात हॅटट्रिक केली आणि या लीगमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला भारतीय ठरला. पण नोव्हेंबरमध्ये स्वतःच्या फातोर्डा मैदानावर गोव्याने मुंबईचा ७-० असा धुव्वा उडवला. डुडू आणि हाओकिप, दोघांच्याही हॅटट्रिक एकाच सामन्यात. हंगामभरात मुंबईवर २६ गोल झाले. संघ सहावा आला आणि गुण पुन्हा १६.

दोन वर्षं, दोन प्रशिक्षक आणि नेमके तेवढेच गुण. लीगसाठी मात्र मार्कीचं गणित जमलं होतं, हे सांगायला हवं. पहिल्या हंगामात सामन्यामागे सरासरी २४ हजारांहून जास्त प्रेक्षक आले, आणि त्यातल्या काही शहरांत तर फुटबॉलचं व्यावसायिक बस्तानच नव्हतं. देल पिएरोला बघायला आलेल्या प्रेक्षकाला दिल्ली कितवी आली याच्याशी फारसं देणंघेणं नव्हतं. तारे आणायचा हेतू जर स्टेडियम भरण्याचा असेल, तर पैसे वसूल झाले. विजेतेपद हे वेगळं खातं. तिथे पहिल्या वर्षी कोलकाता जिंकलं ते अंतिम सामन्याच्या भरपाई वेळेत मोहम्मद रफिक नावाच्या भारतीय खेळाडूने मारलेल्या हेडरवर.

फोर्लान: इथे प्रकरण गुंतागुंतीचं होतं

२०१६ साली मुंबईने दिएगो फोर्लानला आणलं. वय पुन्हा ३७. वरवर बघता हा ल्युंगबर्गचाच पुढचा अंक वाटतो, पण एक मोठा फरक होता. फोर्लान निवृत्तीतून उठून आलेला नव्हता. तो थेट पेन्यारोलहून आला, आणि तिथे त्याने नुकतीच उरुग्वेची लीग जिंकली होती. २०१० च्या विश्वचषकातला सर्वोत्तम खेळाडू, पाच गोल, त्या स्पर्धेच्या जाबुलानी चेंडूवरचे त्याचे ते फटके. ही ओळख सगळ्यांना होती. क्लबसाठी महत्त्वाचं इतकंच होतं की त्याचे पाय अजून सामन्याच्या सवयीचे होते.

जपानचा दाखलाही समोर होता. २०१४ मध्ये सेरेझो ओसाकाने मोठ्या गाजावाजात फोर्लानला घेतलं, वर जायची स्वप्नं पाहिली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तो संघ खालच्या श्रेणीत घसरला. म्हणजे फोर्लान आला की संघ वर जातो, असं काही नव्हतं.

मुंबईने या वेळी बाकीची मांडणी तरी नीट केली. प्रशिक्षक अलेक्झांडर गिमाराइस, ज्यांनी कोस्टा रिकाला दोन विश्वचषकांत नेलं होतं. मागे लुचियान गोयान आणि गेर्सन व्हिएरा, पंखावर हैतीचा सोनी नॉर्डे. एएफसी कप ही आशियातल्या क्लबांची स्पर्धा संपल्यावर बेंगळुरूहून उशिरा आलेला गोलरक्षक अमरिंदर सिंग इतका चांगला खेळला की त्या हंगामाचा गोल्डन ग्लोव्ह, म्हणजे सर्वोत्तम गोलरक्षकाचा मान, त्यालाच मिळाला. घरचं मैदान आता अंधेरीचं फुटबॉल अरिना, छोटं आणि भरलेलं. पहिल्याच सामन्यात बालेवाडीत पुण्याला १-० हरवून सुरुवात झाली आणि साखळी संपली तेव्हा मुंबई पहिल्या क्रमांकावर होती: १४ सामने, २३ गुण.

१९ नोव्हेंबरला केरळ ब्लास्टर्सविरुद्ध फोर्लानने हॅटट्रिक केली. ५-० असा विजय. ज्यांना मार्की म्हणजे पैशांची उधळपट्टी वाटत होती, त्यांची तोंडं त्या रात्री बंद झाली. बहुतेकांच्या आठवणीत तो हंगाम म्हणजे ती रात्रच.

मी मात्र त्या हंगामाचे आकडे थोडे उलटे धरून बघतो. मुंबईने १४ सामन्यांत १६ गोल केले. केरळविरुद्धचे पाच काढले तर १३ सामन्यांत अकरा उरतात. फोर्लानचे साखळीतले गोल पाच. हॅटट्रिक काढली तर बाकी सगळ्या सामन्यांत मिळून दोन. मग हा संघ पहिला आला कशाच्या जोरावर? उत्तर दुसऱ्या रकान्यात आहे: त्यांच्यावर फक्त आठ गोल झाले. आदल्या वर्षी २६, या वर्षी आठ! केलेले गोल दोन्ही वर्षी अगदी सारखे, सोळाच. म्हणजे सहाव्या क्रमांकावरून पहिल्यावर नेलं ते बचावाने. श्रेय मात्र आघाडीच्या ताऱ्याच्या खात्यावर जमा झालं.

यात फोर्लानवर थोडा अन्याय होतो, मान्य आहे. दोन बचावपटू त्याच्याभोवती घुटमळत, त्यामुळे इतरांना जागा मिळे. फ्री किक आणि कॉर्नर त्याच्या पायातून येत. आघाडीवर कुणी धाक ठेवणारा असला की प्रतिस्पर्धी पूर्ण ताकदीने वर येत नाही, आणि त्याचा फायदा बचावाला होतो. गोलांच्या रकान्यात हे दिसत नाही. तरीही विजेतेपद फोर्लानमुळे हाताशी आलं होतं, असं म्हणायला हे आकडे पुरेसे नाहीत.

दोन सामन्यांत सगळं

या लीगमध्ये अव्वल येणं म्हणजे तेव्हा विजेतेपद नव्हतंच. पहिले चार संघ उपांत्य फेरीत जात आणि मुंबईसमोर आलं कोलकाता. १० डिसेंबरला कोलकात्यात रवींद्र सरोबरवर पहिला सामना झाला. कोलकात्याने सुरुवातीलाच गोल केला, मग लिओ कोस्टा आणि गेर्सन यांनी मुंबईला २-१ असं पुढे नेलं, आणि मध्यंतराच्या आत इयन ह्यूमने दोन गोल करून ३-२ केलं. दुसऱ्या अर्धात फोर्लानला दुसरं पिवळं कार्ड मिळालं. तो बाहेर गेला आणि अंधेरीतल्या परतीच्या सामन्यालाही मुकला.

एका गोलाची पिछाडी आणि घरचं मैदान. बरोबरी करायला एक गोल पुरे होता. तशात कोलकात्याचे प्रशिक्षक होसे मोलिना यांनी त्या सामन्यात पहिल्या अकरा जणांत नऊ बदल केले. पहिल्या अर्धातच त्यांच्या रॉबर्टला लाल कार्ड मिळालं. हे सगळं होऊनही मुंबईला गोल करता आला नाही. ०-० आणि स्पर्धेबाहेर. पाच दिवसांनी कोचीत कोलकाता विजेतं झालं.

लाल कार्डाचा वयाशी संबंध जोडायचा मोह होतो, पण तो मी टाळतो. पिवळं कार्ड बाविशीतल्या पोरालाही मिळतं. दोष असलाच तर संघाच्या घडणीत होता. आक्रमणात एकच माणूस असा, ज्याच्यावाचून चालत नव्हतं, आणि तो नसताना काय करायचं याची तयारी नव्हती. मोलिनाने नऊ बदल केले आणि त्याचा संघ तरला. मुंबईला एक बदल करावा लागला आणि गोल आटले. लांब लीगमध्ये अशी उणीव अधूनमधून दोन-चार गुण नेते. बाद फेरीत तिने अख्खा हंगाम नेला.

आणि ह्यूम? तोही काही पोरगेला नव्हता, ३३ वर्षांचा होता. इंग्लंडच्या खालच्या श्रेणींत कारकीर्द गेलेला कॅनेडियन. त्याच्या नावावर भारतात कुणी तिकीट काढलं नसतं. पण तो या लीगमधला तिसरा हंगाम खेळत होता आणि पहिल्याच हंगामात केरळकडून सर्वोत्तम खेळाडू ठरला होता. कोलकात्याचं पोस्टर हेल्डर पोस्टिगाचं होतं, पण मुंबईला बाहेर काढणारे दोन गोल ह्यूमचे.

नावाऐवजी नोंदी

२०१७ पासून लीग लांबली, परदेशी खेळाडूंची मैदानावरची संख्या सहावरून पाचवर आली आणि मार्कीची सक्तीही गेली. फोर्लान गेला आणि मुंबई पुन्हा सातवी. कोलकात्याने त्याच हंगामात ३७ वर्षांच्या रॉबी कीनला आणलं आणि दोन वेळचा विजेता संघ नववा आला. पोस्टरचा जमाना ओसरत होता.

खरा बदल नोव्हेंबर २०१९ मध्ये झाला. मँचेस्टर सिटीच्या मालक कंपनीने, सिटी फुटबॉल ग्रुपने, मुंबईचा ६५ टक्के हिस्सा घेतला. आता बक्कळ पैसा होता आणि हवं ते मोठं नाव आणता आलं असतं. त्यांनी गोव्याचा संघ उचलला. सर्जिओ लोबेरा यांना एफसी गोवाने अव्वल स्थानावर असताना काढलं होतं. मुंबईने त्यांना प्रशिक्षक केलं आणि त्यांच्या मागोमाग मोर्तादा फॉल, अहमद जाहू, ह्यूगो बुमूस आणि मंदार राव देसाई हेही आले. ही माणसं एकमेकांना पास कुठे लागतो हे आधीच ओळखत होती. गोव्यातल्या चाहत्यांचा त्यावरचा राग अजून गेलेला नाही, आणि तो साहजिकच आहे.

या सांगाड्यावर त्यांनी दोन वयस्क स्ट्रायकर बसवले. ॲडम ले फाँड्रे सिडनी एफसीकडून उसना घेतला. हंगाम सुरू झाल्यावर तो ३४ वर्षांचा झाला. सिडनीबरोबर लागोपाठ दोन ऑस्ट्रेलियन विजेतेपदं, त्यातलं दुसरं अवघ्या काही आठवड्यांपूर्वीचं. दुसरा बार्थोलोम्यू ओग्बेचे, वय ३६. २००२ च्या विश्वचषकात नायजेरियाकडून खेळलेला, पण त्याला घेतलं ते त्यासाठी नाही. त्याआधीच्या दोन हंगामांत त्याने याच लीगमध्ये नॉर्थईस्टकडून १२ आणि केरळकडून १५ गोल केले होते. याच हवेत, याच मैदानांवर, अशाच बचावफळ्यांसमोर.

करोनामुळे तो संपूर्ण हंगाम गोव्यात, रिकाम्या स्टेडियममध्ये झाला. प्रवास जवळजवळ शून्य, आणि वयस्क पायांना हे सोयीचंच पडलं. हा वाटा धरायलाच हवा. मुंबईने २० साखळी सामन्यांत ३५ गोल केले. ले फाँड्रे ११, ओग्बेचे ८. म्हणजे निम्म्याहून जास्त गोल चौतीस आणि छत्तीस वर्षांच्या दोघांचे. वयस्क खेळाडू घेऊ नयेत असं सांगणाऱ्यांनी हा आकडा समोर ठेवावा. आणि नावं घ्यावीत असं सांगणाऱ्यांनी हेही बघावं की दोघांपैकी एक थकला की दुसरा यायचा. दोघांनी मिळून एक जागा सांभाळली, त्यामुळे कुणाही एकावाचून संघ अडला नाही. त्या हंगामातली एकमेव हॅटट्रिक तर बिपिन सिंगची, ओडिशाविरुद्धच्या ६-१ विजयात.

साखळीतल्या शेवटच्या सामन्यात कोलकात्याच्या एटीके मोहन बागानला २-० हरवून मुंबईने समान ४० गुणांवर शिल्ड, म्हणजे साखळीत अव्वल येणाऱ्याचा मान, जिंकली; गोल फॉल आणि ओग्बेचेचे. उपांत्य फेरीत गोव्याशी दोन्ही सामने बरोबरीत आणि मग पेनल्टींवर सुटका. १३ मार्च २०२१ ला फातोर्ड्यावर पुन्हा बागान. १-१ अशी कोंडी, नव्वदावं मिनिट. लांब चेंडूवर बागानचा गोलरक्षक अरिंदम बाहेर येऊन चुकला, ओग्बेचेने चेंडू ताब्यात घेतला. ल्युंगबर्ग-अनेल्काच्या काळातला कुणी तिथून स्वतः मारून बघितलं असतं की नाही, हा ज्याचा त्याचा तर्क. ओग्बेचेने बिपिनला पास दिला आणि मुंबई पहिल्यांदा विजेती झाली.

एक शेपूट

गोष्ट इथे थांबवली असती तर सोपं सूत्र हाती आलं असतं: लीगमध्ये सिद्ध झालेला वयस्क घ्या आणि जिंका. पण पुढच्या मोसमात मुंबईने ओग्बेचेला जाऊ दिलं आणि त्याच्या जागी इगोर अंगुलो आणला. अंगुलो ३७ चा, पण आदल्याच हंगामात गोव्याकडून १४ गोल करून सर्वाधिक गोलांचा गोल्डन बूट घेतलेला. नोंदी बघूनच केलेली ही खरेदी होती आणि अंगुलोने ती लाजवली नाही, दहा गोल केले. तरी मुंबई पाचवी आली. कारण या वेळी आजूबाजूचं हललं होतं. लोबेरा नव्हते, त्यांच्या जागी डेस बकिंगहॅम नव्याने जम बसवत होते. बुमूस आणि अमरिंदर दोघेही मोहन बागानला गेले होते.

ओग्बेचे हैदराबादला गेला. तिथे मानोलो मार्केझ यांचा संघ दोन वर्षांत नीट मुरला होता आणि त्यात नेमका एक गोल करणारा कमी होता. ३७ व्या वर्षी त्याने १८ गोल केले, गोल्डन बूट घेतला, आणि २० मार्च २०२२ ला फातोर्ड्यावरच केरळला पेनल्टींवर हरवून हैदराबाद विजेतं झालं.